देठातून जाणारी साद

सतराव्या शतकातल्या इंग्लंडात आजारी माणसाच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना एका आवाजाची धास्ती असे. घर निजलं, चूल विझली, की जुन्या ओकच्या तुळईतून टक्-टक्-टक् असे ठोके ऐकू यायचे. मध्येच थांबायचे, थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचे. हे ठोके पडले की खाटेवरचा माणूस उठत नाही, अशी लोकांची पक्की समजूत होती. पाल चुकचुकली की हातातलं काम थांबवणारी माणसं आपल्याकडेही होती, त्यामुळे ही धास्ती आपल्याला अगदीच परकी वाटू नये. ठोके देणाऱ्या त्या अदृश्य प्राण्याला इंग्रजांनी ‘डेथवॉच’ म्हटलं.

नॉर्विचचे वैद्य थॉमस ब्राउन यांनी १६४६ मध्ये लोकभ्रमांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी या ठोक्यांचाही समाचार घेतला. त्यांनी हे किडे पकडून पातळ लाकडी डब्यांत ठेवले होते. सुतार पक्षी झाडावर चोच मारतो तसा किडा डब्याच्या भिंतीवर टोचे मारतो, हे त्यांनी पाहिलं आणि ऐकलंही. आजारी लेकरापाशी बसलेल्या किती आज्या आणि दाया या आवाजाने घामाघूम होतात, तेवढा त्यांचा त्रास वाचवावा, असा त्यांचा सरळ हेतू होता. पुढे १७०१ मध्ये एसेक्समधल्या अपमिन्स्टर गावचे पाद्री विल्यम डरहॅम यांनी याच किड्यांवर रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. लंडनजवळ ब्लॅकहीथला तोफ डागली की चर्चच्या मनोऱ्यावरून आधी तिचा जाळ पाहायचा, मग आवाज यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असे प्रयोग करून ज्यांनी १७०९ मध्ये ध्वनीचा वेग काढला, तेच हे डरहॅम. एकाच माणसाने मैलोगणती जाणारा तोफेचा आवाजही मोजावा आणि डब्यातल्या किड्याचे ठोकेही कान देऊन ऐकावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जुन्या तुळयांमधला ठोके देणारा हा किडा म्हणजे एक लहानसा तपकिरी भुंगेरा. त्याची अळी वर्षानुवर्षं लाकूड पोखरत आत राहते. पंख फुटले की नर पाय रोवून उभा राहतो आणि कपाळ लाकडावर भराभर आपटतो. आसपास मादी असेल तर तीही ठोके देऊन उत्तर देते. नर पुढे सरकतो, पुन्हा विचारतो, पुन्हा उत्तर येतं. पेन्सिलीच्या टोकाने टेबलावर त्याच लयीत ठोकलं तर हा भुंगेरा माणसालाही उत्तर देतो. मरणाची खूण म्हणून ज्याला लोक शतकानुशतकं घाबरले, ते प्रत्यक्षात लग्नाचं बोलावणं होतं.

ब्राउन आणि डरहॅम दोघांनीही किडा ओळखला, भ्रम दूर केला. पण ते ऐकत होते हवेतून. किडा मात्र लाकडाशी बोलत होता. कपाळाचा ठोका तुळईतून धावत जाऊन दुसऱ्या भुंगेऱ्याच्या पायांत पोचत होता. माणसाच्या कानावर येत होता तो त्यातला हवेत सांडलेला थोडा भाग. कीटकांच्या या बोलीचा पुढचा तीनशे वर्षांचा इतिहास म्हणजे माणसाने हवेतून कान काढून पानाला, देठाला, लाकडाला लावायला शिकण्याचा इतिहास आहे.

मधमाश्यांची बोली हवेतून तर आणखी आधी ऐकली गेली होती. हॅम्पशायरमधल्या वूटन सेंट लॉरेन्स गावचे पाद्री चार्ल्स बटलर यांनी १६०९ मध्ये मधमाश्यांवर पुस्तक काढलं. पोळ्यातून मोहोळ उडण्याआधी राण्या जे सूर काढतात, ते त्यांनी चक्क संगीताच्या स्वरलिपीत लिहून ठेवले. पुढच्या एका आवृत्तीत त्यांनी त्यावरून चार आवाजांचं गाणंच रचलं. त्यांना जे ऐकू आलं ते खरंच होतं. पहिल्यांदा बाहेर पडलेली कोवळी राणी लांब सूर काढते आणि अजून मेणाच्या कोठडीत बंद असलेल्या तिच्या प्रतिस्पर्धी बहिणी तुटक, घोगरं उत्तर देतात. पण राणी हे कसं करते? ती पंख मिटून घेते, छाती मेणाच्या पोळ्यावर दाबते आणि उडण्याचे स्नायू थरथरवते. थरथर मेणातून पसरते. कामकरी माश्या ती पायांनी घेतात आणि जागच्या जागी स्तब्ध होतात. हे मोजमापासह सिद्ध व्हायला १९८६ साल उजाडावं लागलं. डेन्मार्कचे अ‍ॅक्सल मिकेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. मिकेल्सन यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

हेन्री स्मीथमन यांचं निरीक्षण याच पठडीतलं. त्यांनी पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनच्या परिसरात राहून वाळवीचा अभ्यास केला आणि १७८१ मध्ये तो लंडनला प्रसिद्ध केला. वारूळ फोडलं की शिपाई वाळव्या बाहेर येतात आणि डोकं आपटून घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा जलद, बारीक आवाज करतात. त्यावर कामकरी वाळव्या फुत्कारासारखं उत्तर देतात, असं त्यांनी नोंदवलं. दोनशेहून अधिक वर्षांनी, २०१३ मध्ये, फेलिक्स हागर आणि वोल्फगांग किर्शनर यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वाळव्यांवर प्रयोग करून त्याचा उलगडा केला. एका शिपायाचे ठोके जमिनीत फार दूर जात नाहीत, वाटेतच विरतात. पण ते विरण्याच्या आत दुसऱ्या शिपायापर्यंत पोचतात. तोही डोकं आपटू लागतो, मग तिसरा, मग चौथा. अशी बातमी हातोहात वारुळाच्या टोकापर्यंत जाते. त्यांनी अभ्यासलेल्या दोन प्रजातींपैकी एक ज्या ओडोन्टोटर्मिस वंशातली, त्या वंशातल्या वाळव्या दख्खनच्या माळरानावरच्या वारुळांतही राहतात.

एवढं सगळं कानावर येऊनही मूळ प्रश्न अनुत्तरितच होता. हवेतून ऐकायला कीटकाला कान लागतो, आणि बहुतेक कीटकांना तर कानच नाहीत. मग ते ऐकतात कशाने?

याचं उत्तर त्यांच्या पायात होतं. गुडघ्याच्या किंचित खाली, पोकळ नळीसारख्या नडगीच्या आत, काही चेतापेशींचा एक नाजूक पडदा आडवा ताणलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला गुडघ्याखालचं इंद्रिय म्हणतात. पाय ज्यावर टेकला आहे ते जरा हललं की नडगीतलं रक्त हलतं, पडदा लवतो आणि चेतापेशी जाग्या होतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हान्सयोखेम आउट्रुम यांनी १९४०च्या दशकात हे इंद्रिय किती तीक्ष्ण आहे ते मोजलं. वेगवेगळ्या कीटकांचे पाय बारीक थरथरत्या आधारावर ठेवून चेतांमधून विद्युत्-संकेत येतो का, ते त्यांनी पाहिलं. आपल्या मोरीत रात्री दिसणाऱ्या मोठ्या झुरळाने सगळ्यांवर मात केली. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी हालचाल त्याच्या पायाला कळत होती. 

म्हणजे ऐकणारं इंद्रिय सापडलं होतं. बोलणारं कोण आणि काय बोलतं, हे मात्र बाकी होतं. इथून गोष्ट स्वीडनला जाते.

फ्रेय ओसियानिलसन हे कीटकशास्त्रज्ञ गवतावरच्या तुडतुड्यांचे अभ्यासक. तुडतुडा म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा जीव. कपाशीच्या किंवा भाताच्या पानाला हात लावला की तो तिरका उडी मारतो. त्याचा नातेवाईक सिकाडा उन्हाळ्यात जंगल दणाणून सोडतो. तुडतुडे मात्र मुके, असंच सगळे धरून चालले होते. ओसियानिलसनना ते पटेना. सिकाडाच्या पोटाच्या मुळाशी जो कडक, लवचिक पडदा असतो, ज्याला स्नायूने आत-बाहेर खेचलं की आवाज होतो, त्याचीच छोटी आवृत्ती त्यांना तुडतुड्यांतही दिसत होती. वाजवायचं साधन आहे, मग वाजत कसं नाही?

त्यांनी केलं ते इतकं साधं होतं की कुणीही केलं असतं. बारीक काचेची नळी घ्यायची, त्यात तुडतुडा सोडायचा आणि नळी कानाला लावायची. आणि मग वाट पाहायची. नळीतला जीव स्थिरावला की त्याची कुरकुर, गुणगुण, टकटक ऐकू येऊ लागे. एकच प्रकार नव्हे. मादीला बोलावणं वेगळं, जवळ आल्यावरची आळवणी वेगळी, दुसरा नर आला की होणारी तंटाबाजी वेगळी, चिमटीत धरल्यावरचा आकांत वेगळा. अशी प्रजातीमागून प्रजाती ऐकत त्यांनी १९४९ मध्ये ‘इन्सेक्ट ड्रमर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘मुके’ मानल्या गेलेल्या एका अफाट कीटकगटाला त्यातून वाचा मिळाली.

काचेला टेकलेले किड्याचे पाय आणि काचेला टेकलेला माणसाचा कान, यांच्यात कमीत कमी हवा होती. ओसियानिलसन यांच्या यशाचं मर्म मला इथे दिसतं. शतकानुशतकं हवेतून न ऐकू आलेलं गाणं घन काचेवाटे त्यांच्यापर्यंत पोचलं. पण त्या काळची सगळी भाषा आवाजाचीच होती. १९५८ मध्ये बर्लिनच्या हिल्डेगार्ड स्ट्र्यूबिंग यांनी तुडतुड्यांच्या मीलनावर आपला निबंध लिहिला तेव्हा त्याच्या मथळ्यातच त्यांनी ठामपणे म्हटलं की नर-मादी एकमेकांना सापडतात त्यात निर्णायक गोष्ट आवाज हीच. वासाने नव्हे, नजरेने नव्हे. हा फार मोठा टप्पा होता. आवाज हवेतून जातो की झाडातून, हा प्रश्न मात्र अजून कुणी घट्ट धरला नव्हता.

हवेतून का जाणार नाही, याचं कारण शरीराच्या मापात आहे. दोनशे हर्ट्‍झच्या खर्ज आवाजाची हवेतली लाट जवळपास पावणेदोन मीटर लांब असते. चार मिलिमीटरच्या अंगाने एवढी लाट हवेत उठवायची म्हणजे जवळजवळ सारी ताकद वाया. रातकिडा पंख घासून खूप वरच्या पट्टीत गातो, सिकाडाकडे पोकळ पोटाचा नगारा आहे. तुडतुड्याकडे यातलं काहीच नाही. त्याने मात्र देठ धरलेला असतो. देठ बारीक, लवचिक. पोटाच्या हलक्या झटक्यानेही तो वाकतो आणि ते वाकणं लाट होऊन खोडापर्यंत, मुळापर्यंत, दुसऱ्या पानापर्यंत जातं. रुळाला कान लावणाऱ्याला दूरची गाडी आधी कळावी, तसं त्या झाडावरच्या प्रत्येक पायाला ते कळतं.

हे प्रत्यक्ष दाखवलं ते जपानने. आणि जपानला याची आच का होती, ते समजायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१७३२ मध्ये पश्चिम जपानमधलं भाताचं पीक तुडतुड्यांनी जाळून टाकलं. जाळलं म्हणजे शब्दशः तसंच दिसतं. रोपांच्या बुंध्याशी बसून हजारो किडे रस पितात. शेतात गोल गोल चट्टे पिवळे पडतात, मग तपकिरी होतात, जणू कुणी तिथे निखारे टाकले. क्युशू, शिकोकू आणि पश्चिम होन्शूत दुष्काळ पसरला. सरकारी दफ्तरात सुमारे १२ हजार मृत्यूंची नोंद झाली. खरे बळी त्याहून बरेच जास्त असावेत असं इतिहासकार मानतात. जपानी शेतकऱ्यांकडे त्यावर एकच उपाय होता. खाचरातल्या पाण्यावर देवमाशाचं तेल शिंपडायचं आणि रोपं हलवून किडे खाली पाडायचे. तेलाचा तवंग अंगाला लागला की किडा गुदमरतो. ओकुरा नागात्सुने या कृषिलेखकाने १८२६ मध्ये या पद्धतीवर सचित्र पुस्तकच लिहिलं. हे किडे येतात कुठून, हे मात्र कोडंच होतं. १९६७ मध्ये जपानच्या दक्षिणेला भर समुद्रात उभ्या असलेल्या हवामान-जहाजावर तुडतुड्यांचे थवे उतरले, तेव्हा कळलं की ते वाऱ्यावर समुद्र ओलांडून येतात.

त्यानंतरच्या वर्षांत यांतलाच तपकिरी तुडतुडा साऱ्या आशियाचा शत्रू झाला. अधिक उत्पादन देणाऱ्या नव्या जाती आल्या, दाट लावणी आली, नत्राचे डोस वाढले. फवारे आले आणि त्यांनी तुडतुडे खाणाऱ्या कोळ्यांचाच आधी फडशा पाडला. १९७३-७४ मध्ये केरळच्या कुट्टनाडात, पाठोपाठ इंडोनेशियात भात जळालं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रतिकारक जात काढली, तर दोन-तीन वर्षांत किड्याने तिच्यावरही मात केली. शेवटी १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कारण फवारणीनेच कीड वाढते हे लख्ख दिसलं होतं. कोकणातल्या भातशेतीला आणि भंडारा-गोंदियाच्या धानाला हा किडा आजही छळतो. चट्टे पडलेलं शेत काय असतं, हे तिथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

अशा धामधुमीत क्योतोमध्ये इचिकावा आणि इशिई हे दोन संशोधक तुडतुडे एकमेकांना कसे शोधतात, ते तपासत होते. त्यांनी मायक्रोफोन बाजूला ठेवला आणि ग्रामोफोनची पिन उचलली. पिन तबकडीच्या खाचेतून फिरताना जी बारीक डुगडुग होते, तिचा विजेचा प्रवाह बनवणं हेच तर तिचं काम. तबकडीऐवजी त्यांनी ती भाताच्या रोपाला टेकवली. तबकडीतून लताबाईंचा सूर काढणारी यंत्रणा आता देठातून मादी तुडतुड्याची हाक काढू लागली. मादी पोट वर-खाली हलवते; रोप तालात थरथरतं. नर ते पायांनी घेतो, आपल्या सुरात उत्तर देतो, चार पावलं चालतो, थांबतो, पुन्हा हाक मारतो, उत्तर आलं की पुन्हा चालतो. १९७४ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधाचा मथळाच सांगत होता की तपकिरी तुडतुड्याची मीलनाची खूण म्हणजे आधाराचं कंपन. आवाज हा शब्द त्यात नव्हता.

त्याच १९७४ साली युगोस्लाव्हियात, स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना विद्यापीठात, मातिया गोगाला आणि आंद्रेय चोक्ल यांच्या गटाने मातीत बिळं करणाऱ्या ढेकणांच्या एका कुळाबद्दल हेच सांगितलं: ते गातात, पण ज्यावर उभे आहेत त्याच्यातून. ल्युब्ल्याना तेव्हापासून या अभ्यासाचं माहेरघर झालं. आपल्या तूर-हरभऱ्यावर, टोमॅटोवर दिसणाऱ्या हिरव्या ढेकणावर तिथे इतकं काम झालं की त्याच्या बोलीबद्दल आज जेवढं ठाऊक आहे तेवढं क्वचितच दुसऱ्या कीटकाबद्दल असेल. १९९१ मध्ये आयव्हीच्या वेलीवर केलेला प्रयोग मला विशेष आवडतो. मादी वेलीच्या एका फांदीवर, नर खाली. नर चालत फाट्याशी येतो आणि तिथे थांबतो. काही पाय एका फांदीवर, काही दुसऱ्या फांदीवर ठेवून तो जणू दोन्हीकडे कान लावतो. मादीची पुढची हाक आली की ज्या फांदीतून ती आली त्या फांदीकडे वळतो. एवढ्याशा अंगाला फाट्यावर पाय फाकून उभं राहावं हे सुचलं, यातच उत्क्रांतीची सारी हुशारी आली.

ग्रामोफोनच्या पिनेलाही एक खोट होती. कोवळ्या पानाला ती टेकवली की पिनेचंच वजन पान दाबतं, आणि दाबलेलं पान वेगळं थरथरतं. १९८२ मध्ये मिकेल्सन, फिंक, गोगाला आणि ट्राउए यांनी हा अडसरही दूर केला. त्यांनी पानावर लेसरचा किरण सोडला. पान किरणाच्या दिशेने येतं की मागे जातं, ते परत आलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या वारंवारतेवरून वाचता येतं. स्पर्शच नाही. या मोजमापातून दिसलं की कीटकांचे संदेश झाडातून वाकण्याच्या लाटांच्या रूपाने जातात; त्यांचा वेग हवेतल्या आवाजापेक्षा बराच कमी असतो आणि वारंवारतेप्रमाणे तो बदलतो. त्या फारशा विरत नाहीत. शेंड्याला आणि मुळांना आपटून परत फिरतात आणि झाडात वर-खाली घुमत राहतात. ‘पिकाचं झाड हे कीटकांचं संदेशवहनाचं माध्यम आहे’ हे वाक्य इथून पुढे नुसती उपमा राहिलं नाही. त्याला आकडे मिळाले.

आता नवेच प्रश्न उभे राहिले. गाणी ऐकू येऊ लागली तसं लक्षात आलं की दिसायला हुबेहूब असलेले किडे वेगवेगळी गाणी गात आहेत. कार्डिफ विद्यापीठात मायकेल क्लॅरिज यांच्या गटाने फिलिपिन्समधले तपकिरी तुडतुडे तपासले. काही भातावर राहत होते, काही खाचराच्या कडेला उगवणाऱ्या एका गवतावर. डोळ्यांनी फरक दिसेना. पण त्यांच्या ठेक्याची गती वेगळी होती आणि गवतावरची मादी भातावरच्या नराच्या हाकेला सहसा ओ देत नव्हती. म्हणजे या दोन वेगळ्या प्रजाती होत्या.

शेतकऱ्याचा मित्र मानलेल्या क्रायसोपाचं असंच झालं. हिरवट, जाळीदार पंखांचा हा कीटक. त्याच्या अळ्या मावा खातात. कपाशीवर सोडण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये तो वाढवला जातो आणि आपल्या कृषिविद्यापीठांच्या शिफारशींमध्ये वर्षानुवर्षं तो ‘क्रायसोपर्ला कार्निया’ या युरोपीय नावाने वावरला. अमेरिकेत कनेक्टिकटचे चार्ल्स हेन्री हा कीटक गाण्यावरून ओळखायला शिकले होते. क्रायसोपा पोट हवेत झटकतो. पोट कुठेही आपटत नाही, पण त्या झटक्याने अंग आणि अंगाखालचं पान थरथरतं. नर आणि मादी आळीपाळीने, तंतोतंत जुळवून, युगुलगीत गातात. सूर जुळला नाही तर मीलन नाही. २०१० मध्ये हेन्री यांनी बंगळुरूतल्या संशोधकांसह भारतीय क्रायसोपाची गाणी आणि शरीरखुणा तपासल्या आणि निकाल दिला की आपल्या शेतातला हा मित्र कार्निया नव्हेच. तो दक्षिण आफ्रिकेतून नोंदलेल्या झास्ट्रोवी या प्रजातीचा सिलेमी हा उपप्रकार आहे. ज्याला आपण वाढवतो, पोसतो, शेतात सोडतो, तो नेमका कोण, हे त्याच्या पोटाच्या झटक्यांनी सांगावं, ही कीटकशास्त्राच्या इतिहासातली फार सुंदर नोंद आहे.

सगळी बोली प्रणयाचीच असते असंही नाही. पुढे मिसुरी विद्यापीठात गेलेले रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी १९९६ मध्ये काट्यासारख्या दिसणाऱ्या एका किड्याच्या पिल्लांचा आक्रोश नोंदवला. फांदीवर डझनावारी पिल्लं ओळीने बसलेली असतात, आई त्यांच्या टोकाला राखण करते. शिकारी गांधीलमाशी आली की एक पिल्लू अंग हिसकतं, लगेच दुसरं, आणि क्षणात सगळी ओळ एकदम झटका देते. एकट्याचा झटका जिथे पोचला नसता तिथे सगळ्यांचा मिळून पोचतो. आई फांदीवरून धावत येते आणि पंख फडफडवत, पाय झाडत गांधीलमाशीला हुसकते. अर्थात फांदीतून जाणारी हाक फक्त आपल्यांनाच ऐकू येईल, याची खात्री कुणी द्यायची? स्लोव्हेनियाच्या मेता विरांत-डोबरलेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एक छोटा कोळी तुडतुड्यांची गाणी पायांनी ऐकतो आणि गाणाऱ्याचाच माग काढत त्याच्यापर्यंत जातो.

२००५ मध्ये कॉक्रॉफ्ट आणि राफाएल रोद्रिगेस यांनी सगळी नोंद एकत्र केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे कंपनांनी संवाद साधणाऱ्या ज्ञात कीटकप्रजाती सुमारे १,९५,०००. आवाज किंवा कंपन वापरणाऱ्या कीटककुळांपैकी तब्बल ९२ टक्के कंपनावरच, निदान काही अंशी तरी, अवलंबून आहेत. रातकिड्यासारखे हवेत गाणारे म्हणजे उरलेला अपवाद. आपण मात्र त्या अपवादालाच नियम समजत आलो. २०१६ मध्ये पेगी हिल आणि आंद्रेआस वेसेल यांनी या सगळ्या अभ्यासाला ‘बायोट्रेमॉलॉजी’ हे नाव दिलं आणि त्याच वर्षी या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद उत्तर इटलीतल्या सान मिकेले आल्लादिजे या गावी भरली.

गावाची निवड सहज झालेली नव्हती. त्रेंतिनो प्रांतातलं हे गाव द्राक्षबागांनी वेढलेलं आहे आणि तिथल्या बागांवर एका संकटाची छाया होती. उत्तर अमेरिकेतून युरोपात आलेला एक तुडतुडा वेलींवर रस पिताना त्यांच्यात एक सूक्ष्मजंतू सोडतो. वेलीची पानं पिवळी पडून गुंडाळतात, घड सुकतात, पुढे वेलच मरते. औषध नाही, म्हणून कित्येक भागांत किड्यावर फवारणी करणं सरकारने सक्तीचं केलं. सेंद्रिय बागा करणाऱ्यांची त्यामुळे फार ओढाताण झाली.

तिथल्या फोंदाझिओने एदमुंद माख या संस्थेत वालेरिओ माझोनी यांनी या किड्याचं गाणं लेसरने ऐकलं. नर ठराविक तालात हाक मारतो. त्याच्या दोन ठेक्यांमधल्या अगदी नेमक्या क्षणी मादी उत्तर देते. तो क्षण चुकला तर नराला ती सापडत नाही. आणि हे दुसऱ्या नरांनाही पक्कं ठाऊक असतं. दोघांचं बोलणं चालू असताना तिसरा नर येतो आणि नेमका त्या फटीत घोगरा गोंगाट घालतो. संवाद फिसकटतो. माझोनी यांना वाटलं, हा मत्सरी नर आपल्याच कामाचा आहे.

त्यांनी त्या गोंगाटाची नोंद करून ती छोट्या कंपनयंत्रांतून पुन्हा वाजवली. नाशिक-सांगलीसारख्याच तिथल्या वेलीही तारांवर चढवलेल्या असतात. यंत्र तारेला बांधलं की गोंगाट तारेतून वेलीत, वेलीतून पानात जातो. अ‍ॅना एरिक्सन, माझोनी, विरांत-डोबरलेट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असा गोंगाट सुरू असलेल्या वेलींवर नर-मादी एकत्र ठेवूनही बहुतेक माद्या अफलित राहिल्या. माणसाच्या कानाला बाग शांतच. द्राक्षावर एक थेंबही औषध पडलेलं नाही.

२०१७ पासून सान मिकेले इथे एका खऱ्या बागेत हा प्रयोग हंगामभर चालवला गेला. अडचणी पुष्कळ आहेत. तारेवर यंत्रापासून दूर जावं तसं कंपन क्षीण होतं, म्हणून ठराविक अंतरावर यंत्रं बसवावी लागतात. त्यांना वीज पुरवावी लागते, आणि ती ऊन-पावसात उघड्यावर टिकली पाहिजेत. माद्या वयात येतात त्या दिवसांत गोंगाटात खंड पडून चालत नाही, कारण मादी आयुष्यात एकदा फळली तरी तिचं काम झालेलं असतं. शिवाय प्रत्येक किड्याचं गाणं वेगळं, तेव्हा प्रत्येकासाठी त्याचा मत्सरी नर नव्याने ऐकावा लागतो. संस्थेतले संशोधक सध्या तेच करत आहेत: एकेक कीड पकडायची, पानावर सोडायची, लेसर लावायचा आणि ती बोलेपर्यंत थांबायचं.